इंगुदीचे फळ आणि गौतमपुऱ्याचा पाडवा

दिवाळीच्या पाडव्याला महाराष्ट्रात घरोघरी ओवाळणी होते, बळीराजाची आठवण निघते, व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. त्याच दिवशी इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरांवर, देपालपूर तहशिलीतील गौतमपुरा या गावी, सूर्य कलू लागला की हजारो माणसे गावाबाहेरच्या एका मैदानाकडे चालू लागतात. तेथे या दिवसाला ‘धोक पडवा’ म्हणतात. धोक म्हणजे वाकून केलेला नमस्कार. नमस्कार झाला की युद्ध सुरू होते!

गावाचे नाव मराठी कानाला परके वाटू नये. मल्हारराव होळकरांच्या पत्नी आणि अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई यांचे नाव या गावाला आहे. युद्धात उतरणाऱ्या दोन पक्षांची नावेही आपल्या ओळखीची आहेत. गौतमपुऱ्याचा पक्ष तो ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजी गावाचा पक्ष तो ‘कलंगी’. आपल्या शाहिरांच्या फडांत कलगीवाले शक्तीची थोरवी गात आणि तुरेवाले शिवाची. रात्र रात्र सवालजबाब चालत, पण इजा झालीच तर ती अभिमानाला होई. माळव्यातही तुर्रा-कलंगीचा गाण्यातील झगडा जुना आहे. गौतमपुऱ्यात मात्र सवालही अग्नीचा आणि जबाबही अग्नीचाच.

या युद्धाचे शस्त्र म्हणजे हिंगोट. हिंगोट हे एका काटेरी झाडाचे फळ. कोरड्या, उजाड जमिनीत हे झाड वाढते. महाराष्ट्रात त्याला हिंगण किंवा हिंगणबेट म्हणतात आणि खेडोपाडी त्याच्या फळाच्या गराने पूर्वी कपडे धूत असत. संस्कृतात याचेच नाव इंगुदी. शाकुंतल वाचलेल्यांना ते आठवेल. दुष्यंताला तपोवनाच्या ज्या खुणा पटतात त्यांत इंगुदीची फळे फोडून तेलकट झालेले दगडही असतात. पुढे चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा एक हरिण तिचा पदर सोडीत नाही. दर्भाच्या टोकांनी त्याचे तोंड चिरले असता तिने त्याच्या जखमेला इंगुदीचेच तेल लावलेले असते. कालिदासाचे नाव ज्या उज्जयिनीशी जोडले जाते ती गौतमपुऱ्याहून फार दूर नाही. जखम भरून आणणाऱ्या या फळाला त्याच माळव्यात जखम करण्याचे काम लागले आहे.

फळाचे कवच लाकडासारखे टणक असते. दिवाळीच्या कित्येक दिवस आधीपासून घराघरांत ती फळे गोळा करून पोखरली जातात, वाळविली जातात आणि त्यांत दारू ठासली जाते. दिशा राहावी म्हणून वर बांबूची काडी बांधतात. हे काम शाळेत शिकविले जात नाही आणि कोणत्या कारखान्यातही होत नाही. बापाच्या हाताकडे पाहून मुलगा ते शिकतो. पाडव्याच्या संध्याकाळी योद्धे देवनारायणाच्या मंदिरात दर्शन घेतात आणि मग दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात पेटते लाकूड. इशारा होताच अंधारातून जळती फळे सूं सूं करीत पलीकडे जाऊ लागतात. तास-दीड तासाने सारे संपते. येथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

मोगल फौजेच्या घोडेस्वारांना थोपविण्यासाठी गावकऱ्यांनी हे अस्त्र शोधले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. परंतु तिच्यात अशक्य असे काही नाही. अग्निबाण या देशाला नवे नव्हते. मराठी फौजांत बाणांचा मारा करणारे लोक असत. हैदर आणि टिपू यांच्या लोखंडी नळीच्या बाणांनी १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांची दाणादाण उडविली आणि पुढे विल्यम काँग्रीव्ह याने ती विद्या विलायतेत नेऊन वाढविली.

दारूच्या अंगी बळ असते, पण त्या बळाला दिशा मिळते ती ज्या पोकळीत ते कोंडले जाते तिच्या आकारामुळे. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्याही ध्यानात एका चमत्कारिक प्रसंगाने आली. अमेरिकेत न्यूपोर्ट येथील आरमारी केंद्रात चार्ल्स मन्रो हे रसायनशास्त्रज्ञ १८८८ साली स्फोटकांचे प्रयोग करीत होते. स्फोटक वडीवर कोरलेली अक्षरे स्फोटानंतर खालच्या पोलादी पत्र्यावर जशीच्या तशी खोल उमटलेली त्यांना दिसली. वडीवर जेथे खळगा होता तेथेच पोलादावर घाव अधिक खोल पडला होता! या गुणाचा उपयोग पुढे रणगाड्याचे चिलखत भेदण्यासाठी झाला, आणि तेलाच्या विहिरींतील पोलादी नळांना छिद्रे पाडण्यासाठीही होऊ लागला.

हिंगोट त्या जातीचे नव्हे, हे सांगितले पाहिजे. मन्रोंच्या वडीचा निमिषार्धात स्फोट होई. हिंगोटातील दारू जळते, तिचा वायू एका तोंडाने बाहेर पडतो आणि फळ उलट दिशेने धावते. तो बाणच होय. पण दिशा देणारी ती पोकळी दोहोंतही आहे. फरक एवढाच की प्रयोगशाळेतील पोकळी मोजून-मापून केलेली असते, तर हिंगोटाची पोकळी झाडाने घडविलेली आणि चाकूच्या टोकाने कोरलेली. दोन फळे कधी सारखी नसतात. एकाचे कवच जाड, दुसऱ्याचे पातळ. एकात दारू घट्ट बसलेली, दुसऱ्यात सैल. काडी कोठे सरळ, कोठे वाकडी. म्हणून एक हिंगोट नेमके समोर जाते, दुसरे मध्येच वळून प्रेक्षकांत शिरते, आणि तिसरे पेटविणाऱ्याच्या हातातच फुटते. ते कसे वागेल हे पेटविल्यावाचून बनविणाऱ्यालाही कळत नाही. आणि पेटविल्यावर कळून उपयोग काय?

दरवर्षी अनेक माणसे भाजतात. कोणाचा हात, कोणाचा चेहरा, कोणाचा डोळा. २०१७ साली या युद्धात जखमी झालेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि ही प्रथा बंद करावी अशी याचिका उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेली. करोनाच्या साथीत २०२० साली युद्ध झाले नाही. साथ ओसरल्यावर ते पुन्हा सुरू झाले.

कायदा नाही असे नाही. स्फोटक द्रव्यांचा कायदा १८८४ सालचा आहे. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्यावाचून दारू करता येत नाही, हे त्या कायद्याचे पहिले सूत्र. गौतमपुऱ्यात मात्र सरकार येते ते निराळ्या रूपाने. पोलीस येतात, अग्निशामक बंब येतो, रुग्णवाहिका उभ्या राहतात, प्रेक्षकांसाठी जाळ्या लावल्या जातात. जे करू नये असे कायदा म्हणतो, तेच सुखरूप पार पडावे म्हणून कायद्याचे सेवक रात्री मैदानाच्या कडेला उभे असतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहणे तितके सोपे नाही.

बंदीने काय होते, हे मराठी बोलणाऱ्या पांढुर्ण्याने दाखविले आहे. तेथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार होते. दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत म्हणून शासनाने चेंडू पुरविले, पण लोकांनी पुन्हा दगडच उचलले. वरून आलेला चेंडू त्यांना आपला वाटला नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु गौतमपुऱ्याचे योद्धे ज्या नियमांनी बांधलेले आहेत ते कोणी वरून लादलेले नाहीत. देवदर्शनावाचून मैदानात उतरायचे नाही, वैर घरी न्यायचे नाही, जय-पराजय मोजायचा नाही, हे सारे त्यांचे त्यांनीच ठरविले. ज्यांनी इतके ठरविले त्यांना आणखी एक नियम ठरविणे अवघड जाऊ नये: जो लढायला आलेला नाही त्याच्या अंगावर ठिणगी पडता कामा नये, आणि ज्याला मिसरूड फुटलेले नाही त्याच्या खांद्याला झोळी असता कामा नये. योद्धा आपल्या अंगावरची जखम भूषण मानतो, तो त्याचा हक्क असेल. जाळीपलीकडे बापाच्या खांद्यावर बसून पाहणाऱ्या पोराने तो हक्क मागितलेला नसतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी यमद्वितीया येते. यमाने भावाला सोडावे म्हणून बहिणी ओवाळतात. गौतमपुरा आणि रुणजी येथील काही घरांत त्या सकाळी बहीण तबक घेऊन उभी राहते, तेव्हा भावाच्या कपाळावर पट्टी असते आणि टिळा कोठे लावावा हे तिला शोधावे लागते.