एरर कोपरात दिसतोय, बग कमरेत?

आजचा एपिसोड एका व्हिडिओ कॉलमुळे होतोय. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याचा मुलगा १२ वर्षांचा, बेसबॉल टीममध्ये पिचर आहे, म्हणजे बॅट्समनला बॉल टाकणारा. परवा कॅमेऱ्यासमोर कोपर धरून हळूच म्हणाला, "काका, इथे आतल्या बाजूला दुखतंय. पण संडेला मॅच आहे, तू बाबाला सांगू नकोस." अरे, बाबाच्याच फोनवरून बोलतोयस ना!

मी डॉक्टर नाही. बीटेक करून दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे मला पहिली शंका आली ती आमच्या धंद्यातली: एरर जिथे दिसतोय, बग तिथेच आहे का?

आधी कोपर बघू. त्याच्या आतल्या बाजूला यूसीएल नावाचं छोटंसं लिगामेंट असतं. जोरात पिच टाकताना मोठ्या पिचरच्या कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर पीळ पडतो, हे लॅबमध्ये मोजलेलं आहे. आणि मृतदेहांच्या कोपरांवर चाचण्या केल्या तेव्हा ते लिगामेंट सुमारे ३२ लाच तुटलं! मग दर बॉलला का तुटत नाही? कारण उरलेला भार हाताचे स्नायू आणि हाडं उचलतात. पण मार्जिन किती कमी आहे बघा. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनचं हे लिगामेंट गेलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला टेंडन काढून तिथे बसवला. १९७६ ला तो परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. ऑपरेशनला नावच पडलं, टॉमी जॉन सर्जरी.

आपल्याकडे हे फारसं ऐकू येत नाही, कारण क्रिकेटमध्ये बॉल टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर चालत नाही. आपल्या फास्ट बोलरची पाठ जाते. बुमराहचं २०२३ चं ऑपरेशन पाठीचंच होतं. शिवाय बोलरला रन-अप असतो. पिचरला तोही नाही. तो एका जागी उभा राहतो, एक पाय उचलतो आणि १८.४४ मीटरवर ताशी १४५-१५० किलोमीटरने बॉल सोडतो.

ही ताकद हातातून येत नाही. गोफण आठवा. दोरी कितीही भारी असली तरी दगड लांब जातो तो अंग फिरवल्यामुळे. इथे हात म्हणजे दोरी. आधी पाय जमिनीला रेटतो, मग पेल्विस वळतं, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं. त्यामागून छाती, खांदा, कोपर, मनगट. पुढचा पाय टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंत सगळा खेळ सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्श्यात! एवढ्या वेळात पेल्विस डगमगलं किंवा लवकर उघडलं, तर वरच्यांचं टायमिंग चुकतं आणि कमी पडलेला वेग हात भरून काढायला जातो. कोअर म्हणजे सिक्स-पॅक नाही हो. पोट, पाठ आणि कुल्ल्यांचे स्नायू मिळून ते कडं एका पायावर सरळ धरू शकतात का, हा प्रश्न आहे.

हे मोजलंय पण. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात ३४७ व्यावसायिक पिचर्सना सीझनआधी एक पाय जरासा उचलायला सांगितलं. कमरेला पट्टा आणि पट्ट्यावर चक्क आयपॉड, त्यातल्या सेन्सरने पेल्विस पुढे-मागे किती कलतं ते बघितलं. ज्यांचं ८ अंश किंवा त्याहून जास्त कललं, त्यांची दुखापतीमुळे ३० किंवा जास्त दिवस बाहेर बसण्याची शक्यता ४ अंशांच्या आत राहिलेल्यांच्या तिप्पट निघाली. तोच सेन्सर आत्ता तुमच्या खिशात आहे, म्हणून सांगतोय.

पण थांबा. त्या अभ्यासात सगळ्या दुखापती धरल्या होत्या, फक्त हाताच्या नाही. आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नसतं. लॉगमध्ये दोन ओळी शेजारी आल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं आपण म्हणतो का? (म्हणतो. शुक्रवारी संध्याकाळी म्हणतो.) माझ्या मते प्लँक-ब्रिज जरूर करावेत, पण त्यांच्या भरवशावर दुखरा हात खेळवणं हा मूर्खपणा आहे. लहान पिचर्सवरच्या २००६ च्या अभ्यासात, नेहमी थकलेल्या हाताने टाकणाऱ्यांना ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता ३६ पट होती. छत्तीस! मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या नियमावलीत ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, आणि ६६ च्या वर गेलं की ४ दिवस सुट्टी. आमचा हिरो दोन टीमकडून खेळत होता, आणि दोन्हीकडचे आकडे मिळून कोणीच मोजत नव्हतं.

मी बाबाला सांगितलं. पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात बऱ्याचदा लिगामेंटआधी हाडाची वाढ होते ती कूर्चा ओढली जाते, सध्या पिचिंग पूर्ण बंद, नंतर फिजिओ. संडेची मॅच त्याने बाकावरून बघितली.

काल परत कॉल आला. फोन हलत होता. म्हटलं, नेटवर्क का रे? तर म्हणे, "नाही काका, एका पायावर उभा आहे. फिजिओने ३० सेकंद सांगितलेत, माझे १९ झालेत. तू करून दाखव."

माझे ११ झाले.