आरसा, उपवास आणि आपली जीभ

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



विद्याभ्यासाच्या ‘पॅटर्न’मुळे आपले लातूर सर्वत्र विख्यात झाले आहे. दूरदूरच्या मुली येथील वसतिगृहांत राहून शिकतात. त्यांच्यापैकी व आपल्या घरच्यांपैकीही कित्येकजणी अंगाने बेताच्याच असून स्वतःस स्थूल समजतात व ताटावरून अर्धपोटी उठतात, हे माझ्या पाहण्यात आहे.

वयात येताना मुलीचे अंग भरावे, ही सृष्टीचीच योजना होय. तो दोष नव्हे. म्हणूनच प्रौढांचे उंची-वजनाचे माप तिला जसेच्या तसे लावीत नाहीत. उलट, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींस रक्तक्षय आढळला. अशा मुलींनी भाकरी-वरण टाकावे, हे केवढे अनिष्ट!

दोष केवळ मोबाइलवरील चित्रांचा आहे काय? ‘जाडी’, ‘काडी’ ही नावे प्रथम आपल्याच ओसरीवर पडतात. पुढे स्थळे पाहताना तर मुलीचे अंग बाजारातील मालाप्रमाणे जोखिले जाते.

ख्रिस्तसभेने १९८३ च्या धर्मविधानात उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांवरच घातले आहे. देवासाठीही ज्या मुलीवर उपवासाची सक्ती नाही, तिने आरशासाठी का उपाशी राहावे?

म्हणून मातापित्यांनो, मुलीचे वजन करण्यापूर्वी आपला शब्द तोलावा. ती जेवण चुकवू लागली, तिची पाळी थांबली, तर रागे न भरता तिला डॉक्टरांकडे न्यावे. प्रभू आपणां सर्वांस सुबुद्धी देवो.