एफ-१६ च्या रडारवर नेमकं काय आलं होतं?

काही जण लोकलमध्ये ऐकत असाल, काही जण रात्री लाइट घालवून. दुसऱ्या गटाला आज जास्त मजा येईल.

आधी माझाच एक किस्सा. मागच्या वर्षी रात्री दोनला ऑफिसमधून फोन. सर्व्हरवर हल्ला झालाय म्हणे, रिक्वेस्टचा नुसता पाऊस पडतोय. तासभर आम्ही चौघं आयपी ब्लॉक करत बसलो. शेवटी कळलं काय, तर आमच्याच दुसऱ्या टीमचं टेस्टिंग चालू होतं! ग्राफ खरा होता, हल्ला आमच्या डोक्यात होता.

आता चला बेल्जियमला. २९ नोव्हेंबर १९८९ ची संध्याकाळ, जर्मनीच्या सीमेजवळचं ऑयपेन. गस्तीवरच्या दोन पोलिसांना एक मोठी, काळपट त्रिकोणी वस्तू दिसली. तीन कोपऱ्यांत झगझगीत दिवे, मध्ये लाल दिवा. उंची कमी, वेग अगदी संथ, आवाज जवळपास नाहीच. त्याच संध्याकाळी आसपासच्या कितीतरी लोकांनी असंच काहीतरी पाहिल्याचं सांगितलं. पुढचे कित्येक महिने असे रिपोर्ट येतच राहिले.

मला आवडलं ते तिथल्या हवाई दलाचं वागणं. ऑपरेशन्सचे प्रमुख होते कर्नल विल्फ्रीड डी ब्राउवर. त्यांनी लोकांना वेड्यात काढलं नाही. अमेरिकेचं एखादं स्टेल्थ विमान तर नाही ना, हेही विचारून घेतलं. उत्तर आलं, नाही.

मग आली ३० मार्च १९९० ची रात्र. वाव्र भागातून पोलिसांचे फोन: आकाशात रंग बदलणारे दिवे दिसतायत. ग्लोंच्या रडारवर काहीतरी दिसलं, सेमरझाकेच्या रडारवरही दिसलं. मध्यरात्रीनंतर दोन एफ-१६ उडाली आणि तासभर शोधत राहिली. रडार लॉक व्हायचं, काही सेकंदांत तुटायचं. आकडे तर भन्नाट! क्षणात आवाजापेक्षाही जास्त वेग, उंची एकदम जमिनीपर्यंत खाली. पण डोळ्यांनी? दोन्ही पायलटना काहीच दिसलं नाही. इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली. इतक्या वेगाला सॉनिक बूम व्हायला हवा ना? तोही कुणी ऐकला नाही.

जुलै १९९० मध्ये हवाई दलाने हे रडारचं रेकॉर्डिंग चक्क पत्रकारांना दाखवलं. जगभर बातम्या, ‘सैन्याने यूएफओचा पाठलाग केला’ वगैरे. पण नंतर हाच डेटा लष्करातल्याच तज्ज्ञांनी नीट तपासला. काही लॉक तर दुसऱ्या एफ-१६ वरच झालेले! म्हणजे एका विमानाने आपल्याच जोडीदाराला पकडलं होतं. (हे वाचताना मला तो दोनचा फोन आठवला.) बाकीचे बहुतेक लॉक हवेतल्या दमट, उष्ण थरांमुळे आलेले फसवे एको असावेत, असं त्यांचं मत. आणि जमिनीवरून दिसलेले ते रंगीत ठिपके? बहुधा क्षितिजाजवळ लुकलुकणारे तारे.

आता आपली इंजिनिअरिंगची सवय बघा. दोन रडार, दोन विमानं, एवढे साक्षीदार, म्हणजे पुरावा पक्का असं वाटतं. पण प्रत्येकजण वेगळंच काहीतरी बघत असेल तर? टाइमस्टॅम्प जुळला म्हणून बग एकच असतो असं थोडीच आहे!

फोटोचं तर विचारूच नका. पती-रेशँ गावातला तो प्रसिद्ध त्रिकोणाचा फोटो तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं तपासला. २०११ मध्ये काढणाऱ्यानेच टीव्हीवर सांगून टाकलं: थर्माकोलसारख्या फोमचा तुकडा रंगवला, दिवे लावले, टांगला, फोटो काढला. बस्स.

तरी ऑयपेनच्या त्या दोघांना मी या खात्यात टाकणार नाही. हेलिकॉप्टर होतं असं काही जण म्हणतात, पण सगळ्यांचं समाधान करणारं उत्तर अजून नाही. रडारच्या लॉकचं कोडं सुटलं, कारण रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं होतं. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग मात्र फक्त माणसांच्या डोक्यात होतं.

तुमच्या गच्चीवरून कधी असं काही दिसलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. वेळ आणि दिशा सांगा, प्लीज. भेटू पुढच्या भागात.