तेरा टक्क्यांत आपण कुठे?

(अंबरनाथमध्ये घरी नगावर काम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला बोलावताना सांगितलं होतं, "ताई, राज्य पुढे गेलं की मागे पडलं ते एकदा सांगून टाका. घरात टीव्हीसमोर रोज त्यावरून भांडणं होतात." तर भांडणापासूनच सुरुवात करते.

सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सगळ्या राज्यांच्या कामगिरीचा १९६०-६१ पासूनचा हिशोब मांडला. त्यात महाराष्ट्राचे दोन आकडे होते. देशाच्या एकूण उत्पन्नात आपला वाटा पूर्वी पंधरा टक्क्यांच्या वर होता, तो २०२३-२४ मध्ये १३.३ टक्क्यांवर आला. आणि दरडोई उत्पन्न मात्र देशाच्या सरासरीच्या दीडपट. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. विरोधक म्हणाले, बघा, वाटा घसरला, कारखाने गुजरातला गेले. सत्ताधारी म्हणाले, देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आजही आपलीच, आता एक ट्रिलियन डॉलर गाठायचे. ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं. नीती आयोगानेही त्याच वर्षी मुंबई महानगर प्रदेशाचं उत्पन्न १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्जावर न्यायचा आराखडा दिला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आपली तिन्ही शहरं त्या प्रदेशात येतात.

दोन्ही बाजू खोटं बोलत नव्हत्या. एकाच कागदावरच्या दोन ओळी दोघांनी वाटून घेतल्या. माझी तक्रार वेगळी आहे. या बेरजेत काय धरलं आणि काय सोडलं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

पहिली गोष्ट, आपल्या तीन शहरांचा असा आकडाच नसतो. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय उत्पन्न काढतं ते जिल्ह्यापर्यंत. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे टॉवर आणि शहापूरचे पाडे एकाच सरासरीत बसतात. शिवाय नियम असा, की उत्पन्न जिथे काम होतं तिथे धरायचं. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून दादरला जाणाऱ्या बाईने केलेलं काम मुंबईच्या खात्यावर, आणि गाडीत लोंबकळण्याचे तास कुणाच्याच खात्यावर नाहीत.

आता जीन्सकडे येते. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण लहानपणापासून ऐकतो. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासितांनी हे शहर उभं केलं, त्याचं कौतुक मलाही आहे. पण पँट शिवून झाल्यावर तिचे लोंबते धागे कोण कापतं? बटणं कोण लावतं? गठ्ठा घरी येतो, जेवणं उरकल्यावर खाटेवर पसरतो, सासू, सून, शाळेतून आलेली पोरगी सगळ्या बसतात. दर नगावर. ठेकेदार म्हणेल तो.

कॅम्प पाचमध्ये अशाच एका घरी मी बसले होते. गृहिणीच्या मांडीवर पँट, हातात छोटी कात्री. मी विचारलं, "काम काय करता?" ती म्हणाली, "मी काही करत नाही, घरीच असते." आणि कात्री चालूच! मी हसले, तीही हसली, पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ११, पगारदाराला ३१. फक्त घरकाम करणारीला ९२. घरकामाबरोबर घरच्यासाठी लाकूडफाटा आणणं, शिवणटिपण करणं असेल तर ९३. नगावर काम करणारी बाई खरं तर ११ मध्ये यायला हवी. पण "काही करत नाही" म्हटलं की ९२ पडतो. आणि छोट्या, नोंद नसलेल्या धंद्यांचं उत्पन्न काढताना किती हात कामाला आहेत हे अशाच पाहण्यांवरून धरलं जातं. म्हणजे त्या बाईची मजुरी तर बुडतेच, वर राज्याच्या उत्पन्नातूनही ती गळते. आपण मागे पडलो की पुढे गेलो, हे ठरवणारा आकडा आपल्याच तोंडच्या उत्तराने कमी होतो, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट कळलं.

घरकामाचा तर प्रश्नच नाही. ते मोजायचं नाही असं ठरलेलंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या हिशोब-नियमावलीत एक गंमत आहे: घरासाठी पाणी वाहून आणणं हे उत्पादन, त्या पाण्याने भात शिजवणं हे उत्पादन नाही! हंडा चुलीपर्यंत पोचला की बाई उत्पादकाची गृहिणी होते. आणि नळ कोरडा म्हणून टँकर मागवला, तर टँकरवाल्याची कमाई थेट विकासात जमा. बारवी धरण आपल्या बदलापूरजवळ, तरी हंड्यांची रांग आपल्याच गल्लीत.

वालधुनीचंही तसंच. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात गेली. डॉक्टरांची बिलं उत्पन्नात धरली जातात. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारी बाई धरली जात नाही. पुढे २०१८ च्या सुमारास प्रदूषणामुळे जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. ते व्हायलाच हवं होतं असं माझं मत आहे. पण गठ्ठे येईनासे झाल्यावर त्या बायकांचं काय, हे कुणी विचारलं नाही. कागदावर त्या कामावर नव्हत्याच. मग बेकार कशा होणार?

वेळ मोजायचा प्रयत्न सरकारने केला आहे, हेही सांगायला हवं. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेची पाहणी झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशभरची पाहणी व्हायला २०१९ उजाडलं. नंतरच्या, २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. पुरुषांची ८८. आणि ही ८८ सुद्धा जे पुरुष घरात काही करतात त्यांचीच सरासरी, न करणारे त्यात नाहीतच.

आता 'लाडकी बहीण'. जुलै २०२४ पासून महिना १५००. निवडणुकीत एका बाजूने २१०० चं आश्वासन दिलं, दुसरीने ३००० चं. पैसे घ्यावेत, माझा अजिबात विरोध नाही. त्या पैशाने कित्येकींच्या घरचं दूध आणि गॅस आला आहे. पण ऑगस्टमध्ये बदलापूर स्टेशनात चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध लोक रुळांवर उतरले, तेव्हा तिथे या योजनेचे फलक दिसले, पैसे नकोत, सुरक्षितता द्या म्हणणारे. त्यावरून किती गदारोळ झाला! मला खुपतं ते हे, की १३.३ टक्क्यांच्या वादात बाई आलीच नाही, आणि आली ती ओवाळणी घेणारी म्हणून. राज्याच्या तिजोरीला रोज पावणेपाच तास फुकट देणारी म्हणून नाही.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. प्रगणक दारात येईल, बहुधा घाईत असेल, आणि बऱ्याचदा उत्तर देईल तो घरातला पुरुष. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात 'शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी काम' हे शब्द घातले गेले, ते बायकांच्या संघटनांनी आणि अभ्यासकांनी लावून धरलं म्हणून. शब्द आले, पण उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर 'मुख्य', कमी असेल तर 'सीमांत'. म्हणून किती महिने गठ्ठे येतात ते लिहून ठेवा. आज प्रत्येकीला एक वही देतो आहोत. तारीख, किती नग, किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, पैसे मिळाले की राहिले. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या, नाहीतर रेघा मारा. दर पंधरा दिवसांनी आम्ही येऊ, तेव्हा वह्या उघडून बसू. ठेकेदाराचं नाव लिहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्यावर आज आपल्यात दोन मतं आहेत, आणि चहानंतर आधी तेच बोलायचं आहे.