भांडं शिजत राहील, आपण मिटिंगला बसू

मी एरंडोलहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून तालुक्यातल्या गावांत फिरणं हे माझं रोजचं काम.

आपलं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं जुनी माणसं सांगतात. पांडव इथं राहिले, भीमानं गाडाभर अन्न खाल्लं आणि बकासुराला मारलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न यायचा. गाडाभर अन्न शिजवलं कोणी? किती बाया किती वेळ चुलीपुढे बसल्या असतील? भीमाचं नाव राहिलं, बकासुराचंही राहिलं. रांधणारीचं नाव कुठेच नाही.

आज मी याच रांधण्याबद्दल बोलणार आहे. आणि जो पदार्थ सांगणार आहे तो ऐकून काही जणी रेडिओ बंद करायला हात पुढे करतील. थोडं थांबा. पदार्थ आहे डुकराच्या मटणाचा. फिलिपिन्स देशात तो घरोघरी करतात, त्याचं नाव अडोबो. ज्यांना चालत नाही त्यांनी तो खाऊ नये. पण शिजवण्याची रीत प्रत्येकीनं ऐकावी, ती वरणालाही चालते.

हे माझ्यापर्यंत कसं आलं ते आधी सांगते. माझी मावसबहीण दुबईला एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्या खोलीत फिलिपिन्सची एक नर्स राहते. दोघींच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. ती मैत्रीण सकाळी ड्यूटीला जाताना विजेच्या एका भांड्यात मटण, लसूण, शिरका असं सगळं एकदम टाकते, झाकण लावते आणि निघून जाते. परत येते तेव्हा जेवण तयार. त्या भांड्याला स्लो कुकर म्हणतात. आत जाड मातीचं, चकाकी दिलेलं भांडं असतं आणि बाहेरून विजेची मंद ऊब. साधारण दोनशे वॉटचा कुकर आठ तास चालला तर दीड-पावणेदोन युनिट वीज लागते. अमेरिकेत १९७१ साली हे भांडं ‘क्रॉक-पॉट’ नावानं बाजारात आलं आणि नोकरीला बाहेर पडणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. पण त्याच्या मागची युक्ती जुनी आहे. ज्यानं ते मुळात बनवलं त्याच्या आईच्या माहेरी, युरोपातल्या लिथुआनियात, ज्यू घरांतल्या बाया शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य-मटणाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायच्या. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. भट्टीची उरलेली ऊब रात्रभर अन्न शिजवायची.

हे ऐकून मला आजीच आठवली. भाकरी झाल्या की ती वैलावर डाळीचं पातेलं सरकवायची. गोवऱ्यांच्या आरावर दूध दिवसभर तापत राहायचं, त्याला तांबूस साय धरायची. म्हणजे मंद आच आपल्याला नवी नाही. गॅस आला, शिटीचा कुकर आला आणि ती मागे पडली, एवढंच.

तर मावसबहीण दिवाळीला आली ती स्लो कुकर घेऊन, आणि अडोबोची कृती वहीत लिहून. मी गटाच्या मिटिंगमध्ये सहज विषय काढला. “अगं, तिकडे डुकराचं मटण असं करतात,” म्हटलं. सगळ्या गप्प. कोणी पदर तोंडाला लावला, कोणी हसलं. आणि मागे दाराशी बसणाऱ्या एक ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, “ताई, आमना घर शिजस.”

सहा वर्षं त्या गटात आहेत. एकही हप्ता चुकलेला नाही. पण सहभोजनाला त्या कायम नुसत्या भाकरी घेऊन येतात, भाजी कधीच नाही. आम्हाला वाटायचं, परिस्थिती नसेल. खरं कारण त्या दिवशी कळलं. “आमच्या भांड्यातलं तुम्ही खाल का, हे विचारायचीच लाज वाटायची,” त्या म्हणाल्या. काय बोलावं मला सुचेना. आपण सहा वर्षं एका सतरंजीवर बसलो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहिलो, पण तिच्या घरी काय शिजतं ते विचारलं नाही. विचारलं नाही, कारण आपल्याला अंदाज होता.

बहिणींनो, आपल्याकडे हे खाणाऱ्याला नाक मुरडतात. पण गोव्याला जा. तिथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाला, नाताळला डुकराच्या मटणाचं विंदालू आणि सोरपोतेल मानानं वाढतात. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, त्यांच्याबरोबर दारू आणि लसणीत मुरवलेल्या मटणाची रीत आली. गोव्याच्या बायांनी त्यात माडाचा शिरका घातला, मिरची-मसाला वाटून घातला आणि पदार्थ आपला करून टाकला. सोरपोतेल तर सणाच्या आधी दोन-तीन दिवस करून ठेवतात, रोज उकळी देतात, जितकं मुरेल तितकं चांगलं. तिकडे फिलिपिन्समध्ये १५६५ पासून स्पॅनिश लोकांचं राज्य बसलं. पण शिरक्यात मटण शिजवणं तिथल्या बायांना आधीपासून येत होतं, कारण तिथल्या दमट हवेत आंबटामुळे अन्न टिकायचं. स्पॅनिश लोकांनी पाहिलं आणि आपल्या भाषेतलं मुरवण्याचं नाव त्याला दिलं, अडोबो. पदार्थ त्यांचा, नाव दुसऱ्याचं.

आता कृती. एक किलो मटण, थोडी चरबी असलेलं, दोन बोटं लांबीचे तुकडे. लसणाचा एक अख्खा गड्डा सोलून ठेचलेला. अर्धी वाटी शिरका, म्हणजे व्हिनेगर. अर्धी वाटी सोया सॉस, चायनीजच्या गाडीवर असतो तोच. एक छोटा चमचा अख्खे मिरे, तीन तमालपत्रं, सुपारीएवढा गूळ आणि एक वाटी पाणी. मीठ आधी घालू नका, सोया सॉस खारट असतो. शेवटी चव पाहून घाला. सगळं एकत्र करून तासभर झाकून ठेवा. उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर मुरवत ठेवू नका, लगेच शिजवा. भांडं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमचं नको, आंबटानं ते खराब होतं आणि अन्नात उतरतं. पहिली उकळी येईपर्यंत डाव फिरवायचा नाही, झाकणही नको. शिरक्याचा उग्र वास तेवढ्यात उडून जातो. मग झाकण लावून मंद आचेवर दीड-दोन तास. स्लो कुकर असेल तर उकळी आलेलं त्यात ओतून मंद आचेवर सहा ते आठ तास. मटण बोटानं तुटायला लागलं की झालं. शेवटी रस आटवून थोडा दाट करा. तिकडे भाताबरोबर खातात. आम्ही कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्लं.

पण आमचा पहिला घाणा वाया गेला, हेही सांगायला हवं. सकाळी कुकर लावून आम्ही बँकेच्या कामाला गेलो. दुपारी वीज गेली, ती तीन तासांनी आली. आम्हाला पत्ताच नाही. संध्याकाळी भांडं गरम होतं, दिवा लागलेला होता. शेजारच्या मुलानं सांगितलं म्हणून कळलं. एक किलो मटण टाकून दिलं. जीव हळहळला, पण टाकलंच. कारण कोमट अन्नात जंतू फार वेगानं वाढतात. काही जंतू विष सोडतात आणि ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. अन्न एक तर वाफाळतं गरम हवं, नाही तर फ्रिजमध्ये थंड. मधल्या कोमट अवस्थेत दोन तासांच्या वर नको. आपल्या वैशाखातल्या उन्हात तर तासभरसुद्धा पुष्कळ झालं. म्हणून वीज जाते तिथं, घरात कोणी नसताना, विजेच्या कुकरवर विसंबू नका.

मग आम्ही दुसरा मार्ग धरला, त्याला वीज लागत नाही. एक मोठं टोपलं घेतलं. तळाला आणि बाजूंनी वीतभर जाड जुनी गोधडी आणि घरचा कापूस दाबून भरला, मधे भांड्याएवढी जागा ठेवली. वरून झाकायला कापूस भरलेली उशी. झाली गरम पेटी. तुमचा पोळ्यांचा डबा ज्या कारणानं पोळ्या गरम ठेवतो, तेच हिचं कारण. ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही.

वापरायची कशी? भांडं घट्ट झाकणाचं, पाऊणभर तरी भरलेलं हवं. थोडं अन्न लवकर निवतं. भात असेल तर पाच मिनिटं खळखळून उकळा आणि झाकणासकट पेटीत ठेवा, तासाभरात फुलतो. तुरीची डाळ भिजवून, पंधरा मिनिटं उकळून ठेवा, दोन तासांत मऊ होते. मटण असेल तर लहान तुकडे करून अर्धा-पाऊण तास चांगलं उकळा आणि मगच पेटीत, तेही दोन-तीन तासच. मधे उघडून बघायचं नाही. काढल्यावर चुलीवर ठेवून पुन्हा दहा मिनिटं उकळी द्या आणि मग वाढा. दिवसभर शेतात जायचं म्हणून सकाळी मटण पेटीत ठेवून जाऊ नका. तेवढी ऊब तिच्यात राहत नाही. राजमा करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. तो रात्री भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. नुसत्या मंद आचेवर शिजवला तर उलट्या-जुलाब होतात.

डुकराच्या मटणाबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही न खाणाऱ्यांनीही ऐका. मोकाट फिरणाऱ्या, घाण खाणाऱ्या डुकराचं मटण घेऊ नका. बंदिस्त पाळलेल्याचं घ्या. मटणात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर ते मुळीच नको. ते पट्टकृमीचे, म्हणजे टेपवर्मचे कोष असतात. मटण कच्चं राहिलं तर तो जंत माणसाच्या पोटात वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावर शौचाला बसलं की ती मातीत, पाण्यात, भाजीपाल्यावर जातात. तिथून न धुतलेल्या हातानं, न धुतलेल्या कोथिंबिरीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. मग त्या अळीच्या गाठी मेंदूत होऊ शकतात आणि माणसाला फिट येते. ज्यानं जन्मात मांस खाल्लं नाही, त्याच्याही मेंदूत या गाठी होतात. म्हणून खाणाऱ्याला नाक मुरडून आपण वाचत नाही. वाचतो संडास वापरून, साबणानं हात धुवून, भाजी धुऊन आणि मटण पूर्ण शिजवून. आणि कोणाला फिट आली तर चप्पल-कांदा हुंगवत बसू नका, दवाखान्यात न्या. त्यावर औषध आहे.

आता मिटिंगचं सांगते. आमच्या गटाची मिटिंग संध्याकाळी सहाला. सात वाजले की एकेक जण उठायची. “स्वयंपाक पडलाय माय,” म्हणायची आणि जायची. कर्ज कोणाला द्यायचं, व्याज काय लावायचं, हे शेवटी ठरतं. ते ठरायचं राहिलेल्या तिघी-चौघींत, आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशी अंगठा नाही तर सही करायच्या. मग कुरबुर, मग भांडण. आता सात घरांत अशी टोपली झाली आहेत. शेतातून आलं की डाळ-भाताला उकळी द्यायची, टोपल्यात ठेवायचं आणि मिटिंगला यायचं. आठ वाजता घरी जाऊन भाकरी टाकल्या की झालं. गेल्या तीन मिटिंगना शेवटपर्यंत बसून सगळ्यांनी सही केली.

संक्रांतीनंतरच्या सहभोजनाला दाराशी बसणाऱ्या ताईंनी अडोबो केला. आमच्यात माळकरी ताई आहेत, दोन मुस्लिम भगिनी आहेत, त्यांना ते वर्ज्य. म्हणून त्यांचं भांडं वेगळं, डाव वेगळा, आणि कशात काय आहे हे आधीच सगळ्यांना सांगितलं. एका मुस्लिम ताईंनी तीच रीत घरच्या कोंबडीला लावून आणली होती. कोंबडी तासाभरात होते. डुकराचं मटण आम्ही चौघींनी खाल्लं. बाकीच्यांनी खाल्लं नाही, पण नाकही मुरडलं नाही. माळकरी ताईंनी कृती मात्र लिहून घेतली, बटाट्याला लावून बघते म्हणाल्या.

त्या ताई आता दाराशी बसत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी कर्ज मागितलं, दोन शेळ्यांसाठी. इतकी वर्षं दुसऱ्यांनाच जामीन राहत होत्या. मंजूर करताना मी बघत होते, खोलीत किती जणी आहेत. सगळ्या होत्या. घरी टोपल्यात डाळ शिजत होती.

तुम्हीही या आठवड्यात एक टोपलं भरून बघा. पहिल्यांदा भातच करा, तो चुकत नाही. आणि पुढच्या सहभोजनाला कोणी नुसत्या भाकरी घेऊन आली तर तिला जवळ बसवून विचारा, तुमच्या घरी काय शिजतं?