नक्षी शाबूत, टायर म्हातारा

मागच्या खेपेला मी कुरडयांवर बोलले होते. आज गाडीच्या टायरवर बोलणार आहे म्हटल्यावर केंद्रावरच्या पोरी हसायला लागल्या. "ताई, टायरचं आपल्याला काय कळतंय? ते गडीमाणसांचं काम." मी म्हटलं, गाडीत मागच्या सीटवर लेकरं मांडीवर घेऊन कोण बसतं? घरखर्चातून टायरचे पैसे कोण काढून देतं? मग टायर कोणता घ्यायचा, हेही आपल्याला कळायला नको का?

आमच्या घरी डिझायर गाडी आहे, २०१४ ची. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. मामांचा तिच्यावर पोटच्या लेकरासारखा जीव. दर रविवारी धुणार, आणि फडक्याला थोडं डिझेल लावून टायर पुसणार. टायर असे काळेभोर चमकायचे की बघत राहावं. गाडी चालायची कमी. तुळजापूर, सोलापूर, येरमाळ्याची यात्रा, कुणाचं लग्नकार्य. दहा वर्षांत गाडी एक्केचाळीस हजार किलोमीटर फिरली. बाकीचा सगळा वेळ अंगणात उभी, दुपारनंतर ऊन थेट डाव्या बाजूवर.

२०२४ च्या मे महिन्यात मामांच्या डोळ्यांची तपासणी होती सोलापूरला. यांना सुट्टी नव्हती, म्हणून गाडी मी घेतली. मी अडतिसाव्या वर्षी गाडी शिकले, पण हात बरा आहे माझा. मामा शेजारी, सासूबाई आणि माझी धाकटी मागे. तुळजापूर ओलांडलं, तामलवाडीच्या जवळ आलो, दुपारचे साडेबारा झाले होते, रस्ता तव्यासारखा तापलेला. आणि मागून फटाका फुटावा तसा आवाज झाला.

गाडीचा मागचा भाग एकदम डावीकडं, मग उजवीकडं झोकांड्या खायला लागला. माझा पाय ब्रेककडं गेलाच होता. पण शिकवणाऱ्या सरांचं वाक्य आठवलं आणि पाय थांबला. टायर फुटला की ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा, गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं आणि मग कडेला घ्यायचं. तसं केलं. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. कडेला थांबल्यावर धाकटी रडत होती आणि सासूबाई आई भवानीचं नाव घेत होत्या. मामा मात्र खाली उतरून टायरकडं बघत बसले. "असं कसं? नक्षी तर बघा, नव्यासारखी आहे."

नक्षी खरंच नव्यासारखी होती. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी असली की मागचे टायर कमी झिजतात, आणि आम्ही कधी पुढचे मागे, मागचे पुढे केलेच नव्हते.

पुढं जाऊन थांबलेला एक ट्रकवाला मदतीला आला. जॅक लावला, पान्यानं नट सोडवले. फुटलेला टायर आडवा टाकला आणि त्याच्या बाजूवर बोट ठेवून मला म्हणाला, "ताई, हे वाचा." लांबट चौकटीत चार आकडे होते, ३११४. "एकतिसावा आठवडा, साल २०१४. ह्या टायरला दहा वर्षं व्हायलीत. माझी लेक चौथीत हाय, तिच्या वयाचा हाय हा." मग त्यानं डिकीतली स्टेपनी काढली. एकदाही न वापरलेली, टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा तसेच. तिच्यावरही २०१४ चंच साल. "हीबी म्हातारीच. चाळीसच्या वर पळवू नका," म्हणून तो निघून गेला. मी सोलापूरपर्यंत चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. तपासणीची वेळ टळून गेली होती, पण डॉक्टरांनी बघितलं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट जिला-तिला सांगत सुटले आहे. आपल्या भागात गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. त्यामुळं टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. रबरात एक मेण मिसळलेलं असतं. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तसं ते मेण हळूहळू वर येतं आणि ऊन-वाऱ्यापासून रबराला राखतं. उभ्या गाडीचं मेण वर येत नाही. उन्हानं रबर कडक होतं, बाजूला बारीक बारीक भेगा पडतात, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. मामांचं डिझेल तर रबराचा वैरीच. टायर साध्या पाण्यानं आणि साबणानं धुवावा, बास.

म्हणजे टायर बदलायचा की नाही, हे ठरवताना दोन गोष्टी बघायच्या. एक झीज. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की फक्त १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं, आणि कायद्यानंही त्याच्या खाली चालत नाही. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन खात्याच्या लोकांनी गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगीच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वय. पाच वर्षं झाली की दर वर्षी जाणकाराला दाखवायचा, आणि दहा वर्षांचा टायर नक्षी कशीही असो, काढून टाकायचा. आपल्या उन्हात मी तर सहा-सात वर्षांनंतर विश्वास ठेवत नाही. हे माझं मत आहे, पण तामलवाडीला जाऊन आलेल्या बाईचं आहे. आणि बाजूला कुठं फुगा आला असेल, वेड्या बाभळीचा काटा बाजूच्या भागात घुसला असेल, तर त्याला पंक्चर काढून चालत नाही. तो टायर गेला.

आता खरेदीचं. मी आणि मामा दुकानात गेलो. दुकान कोणतं ते सांगत नाही. मालक मामांशीच बोलायला लागले. मी मध्ये बोलले तर, "ताई, साहेबांना पाठवा की, टायरचं जरा किचकट असतं." मी म्हटलं, किचकट कसलं? बांगड्या घेताना सव्वादोनच्या की अडीचच्या ते आपण सांगतोच ना? टायरचंही माप त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचं १६५/८० आर १४, पुढं ८५ टी. १६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिंगचं माप, इंचात. ८५ हा वजनाचा आकडा, एका टायरनं ५१५ किलो पेलायचं. टी ही वेगाची खूण, ताशी १९० किलोमीटरपर्यंत. तेवढं कोण पळवतंय म्हणा, पण गाडीला जे अक्षर कंपनीनं दिलंय त्याच्या खालचं घेऊ नये. आणि वजनाचा आकडा तर मुळीच कमी घेऊ नये. आपल्या गाडीत पाच माणसं, वर ज्वारीचं पोतं, परत येताना माहेरची डाळ, लोणच्याची बरणी. माझा पुतण्या म्हणत होता, रुंद टायर टाका, गाडी भारी दिसते. दिसते खरी. पण रुंद टायर वळताना आतून घासू शकतो, पेट्रोल जास्त खातो, आणि उंची बदलली की वेगाचा काटाही चुकीचा दाखवतो. गाडीच्या पुस्तकात जे माप आहे तेच घेतलं.

मालकांनी चार टायर काढले. चकाचक, वरचा कागदी स्टिकरसुद्धा तसाच. मी वाकून आकडे शोधले. एका बाजूला नव्हतेच. पूर्ण आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात, म्हणून टायर पालटून बघायचा. दुसऱ्या बाजूला होते, ०९२१. म्हणजे २०२१ सालचा नववा आठवडा. तीन वर्षं झालेली. मालक म्हणाले, "गोदामात होता ताई, म्हणजे नवाच की." आता खरं सांगायचं तर थंड, अंधाऱ्या गोदामात नीट ठेवलेला टायर लवकर खराब होत नाही. पण त्यांचं गोदाम म्हणजे मागचं पत्र्याचं शेड, मे महिन्यातलं. मी म्हटलं, पैसे आजच्या टायरचे देणार, तर टायरही आजचा द्या. मामांना लाज वाटली, मला ओढत बाहेर आले. दुसऱ्या दुकानात १२२४ मिळाले, मार्चमधले, जेमतेम दोन-अडीच महिन्यांचे. एकेक साडेचार हजारांच्या घरात पडला. आयएसआयचा शिक्का बघितला, पक्कं बिल घेतलं आणि बिलावर टायरचे नंबर लिहून घेतले. तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, आणि ट्रॅक्टरच्या टायरवर तर ५. म्हणजे जुन्या दराचा कागद कुणी पुढं केला तर विचारायचं.

पैसे कमी असतील तर दोनच टायर घ्या, तेही चालतं. पण मग ते दोन एका मापाचे, एका कंपनीचे, एका नक्षीचे, आणि ते मागच्या चाकांना टाका. इथं हटकून वाद होतो. मिस्त्री म्हणतात, ओढतात पुढची चाकं, नवे पुढं टाका. पण पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगला कळतं, थोडं तरी सावरता येतं. मागचं घसरलं किंवा फुटलं की गाडी गरकन फिरते. मी ते हातानं अनुभवलंय. पावसात, किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर चिखल सांडलेला असतो तेव्हा, मागची पकड फार लागते. टायर बसवताना व्हॉल्व्ह नवे घ्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. अलाइनमेंट चुकली तर नवा टायर एका कडेनं खाल्ला जातो. जुने टायर स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. गोटा झालेल्या टायरवर तापल्या हत्यारानं नव्या खाचा पाडून विकणारेही असतात.

आणि एक गैरसमज. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची, असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. आमच्याकडंही तेच चालायचं. उलट आहे हो ते. हवा कमी असली की टायरच्या बाजू चालताना जास्त दबतात, आतल्या आत तापतात आणि तिथंच फुटतात. आमच्या म्हाताऱ्या टायरला तेही एक निमित्त झालं असणार. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरायचा. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, यात्रेला निघताना तो. हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. लांबून आल्यावर आकडा वाढलेला दिसला तर हवा सोडायची नाही. नायट्रोजन भरा म्हणून आग्रह करतात. भरली तर वाईट नाही, पण आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसाला साधी हवा बघितली तरी पुरतं. स्टेपनीचीसुद्धा.

मामा दुकानातून आल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. गाडी इतकी जपली आणि तीच गाडी नातीला घेऊन रस्त्यावर झोकांड्या खात होती, हे त्यांना लागलं होतं. मीही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामा वाचायचं भिंग घेऊन शेजारच्या जीपखाली वाकलेले. "सूनबाई, ही तर सतराची निघाली," म्हणून मला हाक मारली. त्या आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या सगळ्या गाड्या तपासल्या. दोघांनी टायर बदलले, एकानं भांडण केलं.

आमचे जुने टायर दुकानदाराला द्यायला मी तयार नव्हते. शे-दोनशे रुपये मिळाले असते, पण ते कुणाच्या तरी गाडीला लागले असते. दोन टायर मामांनी आरीनं कापले. एकात पाणी साचून डेंग्यूचे डास व्हायला नकोत म्हणून तापल्या सळईनं खाली चार भोकं पाडली, आणि तो लिंबाला दोरीनं टांगला. धाकटीचा झोका झालाय त्याचा. ३११४ आकडा अजून वाचता येतो.