अच्युत पोतदार आणि चार वाक्यांच्या भूमिका



१८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात अच्युत पोतदार यांचं निधन झालं. वयाचं एक्क्याण्णवावं वर्ष चालू होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक बातम्यांत त्यांच्या नावाआधी एकच ओळख लावलेली होती, 'थ्री इडियट्स'मधले प्रोफेसर. सव्वाशेहून जास्त चित्रपट, त्याशिवाय मालिका, नाटकं, जाहिराती असं काम केलेल्या माणसाला दोन-तीन मिनिटांच्या एका प्रसंगावरून ओळखावं लागलं, याचं अनेकांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण तो प्रसंग मी पुन्हा नीट पाहिला, आणि मग वाटलं, आजच्या भाषणाची सुरुवात तिथूनच करावी.

प्रसंग तुम्हाला आठवत असेल. यंत्र म्हणजे काय, असं प्राध्यापक विचारतात. नायक साध्या भाषेत उत्तर देतो, प्राध्यापकांना ते पटत नाही आणि ते त्याला वर्गाबाहेर काढतात. तो दारातून परत येतो. काहीतरी विसरलंय, म्हणतो. काय विसरलंय, तर एक लांबलचक, पुस्तकी व्याख्या ऐकवतो. तेव्हा पोतदार वैतागून विचारतात, 'कहना क्या चाहते हो?' उत्तर येतं, पुस्तकं. सगळं चित्रपटगृह हसतं.

आता या हसण्यात पोतदारांचा वाटा किती आणि कसा, ते बघा. ते स्वतः कुठेही विनोदी होत नाहीत. डोळे मोठे करत नाहीत, आवाज विचित्र करत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आहे तो खराखुरा त्रास. तास चालू आहे, फळ्यावर विषय आहे आणि हा मुलगा वेळ खातोय. आपल्यावर कोणी हसणार आहे, याची त्या प्राध्यापकाला कल्पनाच नाही. विनोदाचा फटका नायक मारतो, पण त्याआधी चेंडू नेमका टाकावा लागतो, आणि तो पोतदारांनी टाकलेला आहे. त्यांनी तिथे जराही हसवण्याचा प्रयत्न केला असता तर प्रसंग पडला असता. पुढे ते वाक्य लाखो मोबाइलवर फिरलं, अजून फिरतंय. ज्यांना त्यांचं नाव माहीत नाही, तेही ते वाक्य त्यांच्याच सुरात म्हणतात.

हा सूर आला कुठून? पोतदार एकेकाळी खरेच प्राध्यापक होते. जन्म जबलपूरचा, १९३४चा. वाढले इंदुरात. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांतून आलेली मंडळी हिंदी आणि मराठी दोन्ही घरच्यासारखं बोलतात, तसे तेही बोलत. अर्थशास्त्रात एम. ए. केलं, रीवा इथे शिकवलं. मग सैन्यात गेले आणि कॅप्टन या हुद्द्यावरून १९६७ साली निवृत्त झाले. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये अधिकारी म्हणून पंचवीस वर्षं नोकरी केली आणि १९९२ साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनही निवृत्त झाले. पडद्याकडे वळले ते चव्वेचाळिशीत. म्हणजे ज्या वयात नट आपली उतरती कळा मोजू लागतात, त्या वयात या माणसानं सुरुवात केली. गोविंद निहलानींच्या 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य' या चित्रपटांत ते दिसले, तेव्हा त्यांची नोकरी चालूच होती. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' आणि 'भारत एक खोज' या मालिकांत ते दिसले, तेव्हाही.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पोतदारांनी वर्ग पाहिला होता, छावणी पाहिली होती आणि सरकारी कंपनीचं ऑफिसही पाहिलं होतं. साहेब फाइल कशी सरकवतो, कॅप्टन उभा कसा राहतो, मास्तर प्रश्न विचारून उत्तराची वाट किती वेळ बघतो, हे त्यांना कोणाकडून शिकावं लागलं नाही. छोट्या भूमिकेत नटाला स्वतःची ओळख करून द्यायला वेळच मिळत नाही. लेखक कागदावर लिहितो, 'डॉक्टर, वय पंचावन्न'. बस्स. त्या डॉक्टरला घाई आहे का, रात्रभर झोप झाली आहे का, समोरच्या कुटुंबाला तो आधीपासून ओळखतो का, हे सगळं नटानं ठरवायचं आणि दारातून आत येता येता दाखवायचं. नायकाकडे त्यासाठी पाचशे भाग असतात. याच्याकडे चार वाक्यं असतात.

रामगोपाल वर्मांच्या 'रंगीला'त ते नायिका मिलीचे वडील आहेत, रीमा लागू आई. चित्रपट सगळा उर्मिला आणि आमिरचा, आणि तो तसाच असायला हवा. पण मिलीचं घर मध्यमवर्गीय वाटतं ते पोतदार आणि रीमा यांच्यामुळे. पुढे 'माझा होशील ना' या मालिकेतले आप्पा बघा. दोन्हीकडे माणूस घरातला वडीलधाराच, तरी दोघांचं घरात बसणं वेगळं. एकाला अजून मुलीच्या भविष्याची काळजी आहे, दुसरा काळजी करण्याच्या पलीकडे गेला आहे आणि त्याला फक्त घर भरलेलं बघायचं आहे.

पोतदारांपाठोपाठ दहाच दिवसांनी, २८ ऑगस्टला, बाळ कर्वे गेले. चिं. वि. जोशींच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊंना मुंबई दूरदर्शननं घराघरांत नेलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि कर्वे गुंड्याभाऊ. कर्वेही नोकरीतलेच, मुंबई महापालिकेत अभियंता. या दोन निधनांच्या बातम्या पाठोपाठ वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. आपल्याकडच्या छोट्या भूमिकांच्या मागे कितीतरी वर्षं महिन्याच्या पगाराची नोकरी उभी होती. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, महापालिका, तेल कंपन्या. दिवसा ऑफिस, संध्याकाळी तालीम, रजा टाकून चित्रीकरण. राज्य नाट्यस्पर्धेच्या रंगमंचावर दर हिवाळ्यात उतरणारी माणसं हीच. दूरदर्शनच्या मालिका आठवड्यातून एकदा लागत, बऱ्याचशा तेरा किंवा सव्वीस भागांत संपत. त्यामुळे नोकरदार नटाला ते झेपत होतं. मुख्य म्हणजे घराचा हप्ता भूमिकेवर अवलंबून नव्हता. पटली नाही तर भूमिका नाकारता येत होती. नाकारता येणं ही नटाची फार मोठी श्रीमंती आहे.

त्याच काळात सतीश शाह यांनी 'ये जो है ज़िंदगी'मध्ये भागागणिक नवा माणूस उभा केला. १९८४ सालची ही मालिका, लेखन शरद जोशींचं आणि दिग्दर्शकांत एक कुंदन शाह. पुढे 'वागले की दुनिया' हीदेखील कुंदन शाहांचीच. छोट्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवायला हवा, हे ज्यांना कळत होतं, अशा दिग्दर्शकांत त्यांचं नाव मी वर ठेवतो. 'वागले'च्या एका भागात शाहरुख खान मोटार चालवणारा तरुण म्हणून येऊन जातो. त्याच्यासाठी ती एक पायरी होती. पोतदारांसारखी माणसं मात्र त्याच कामात पुढची तीस वर्षं राहिली, आणि दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे राहिली.

मग खासगी वाहिन्या आल्या आणि रोजच्या मालिका आल्या. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली. काम वाढलं, यात शंका नाही, आणि शेकडो नटांना त्यामुळे पोट भरता आलं. पण नोकरी सांभाळून हे काम करणं संपलं. बारा-तेरा तासांची शिफ्ट, महिन्याचे पंचवीस दिवस. ज्याची भूमिका छोटी, त्याला तर तारखा आधी ठाऊकच नसतात. आज कथानकात त्याचा धागा आहे, उद्या कथानक दुसरीकडे वळलं की तो मामा, तो शेजारी, तो वकील गावाला जातो आणि परत येत नाही. मानधन दिवसावर, आणि दिलेल्या दिवसांचे पैसे तीन महिन्यांनी, ही या धंद्याची रूढ पद्धत.

सेटवर छोट्या भूमिकेतल्या नटाचा दिवस कसा जातो, तेही सांगायला हवं. सकाळी वेळेवर येऊन मेकअप करून बसायचं. कागद हातात पडतात ते कधी कधी त्याच सकाळी. आधी सगळ्यांचा मिळून मास्टर शॉट होतो, मग नायक-नायिकेचे क्लोजअप. त्या वेळी हा कॅमेऱ्यामागे उभा राहून त्यांना आपली वाक्यं देतो, तितक्याच जिवंतपणे, कारण त्यावर समोरच्याचा चेहरा उजळणार असतो. त्याचा स्वतःचा क्लोजअप येतो सगळ्यांत शेवटी. तोवर नायक बहुधा दुसऱ्या सेटवर गेलेला असतो. मग साहाय्यक दिग्दर्शक सपाट आवाजात वाक्यं वाचतो आणि यानं त्या सपाट आवाजाकडे बघून डोळ्यांत पाणी आणायचं. हे ज्याला जमतं, तो मोठा नट आहे. मी हे शब्द तोलून वापरतो आहे.

मार्च २०२०मध्ये झी मराठीवर 'माझा होशील ना' सुरू झाली, तेव्हा पोतदार पंच्याऐंशी वर्षांचे होते. काही आठवड्यांत करोनामुळे टाळेबंदी लागली. ३० मे रोजी राज्य सरकारनं चित्रीकरणाला परवानगी देताना नियम घातला की, पासष्टच्या वरच्या कोणालाही सेटवर यायचं नाही. हेतू वृद्धांना जपण्याचा होता. पण आजोबा, आजी, गुरुजी, न्यायाधीश ही सगळी कामं करणारी माणसं याच वयातली. एका सत्तर वर्षांच्या अभिनेत्यानं याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. नाव प्रमोद पांडे. चाळीस वर्षं आपण चित्रपटांत आणि मालिकांत छोट्या भूमिका करत आलो, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, असं त्यांनी न्यायालयाला सांगितलं. पासष्टीच्या पुढच्या दुकानदाराला दुकान उघडता येतं, मग याच लोकांना बंदी का, हा प्रश्न होता. ७ ऑगस्टला न्यायालयानं तो नियम रद्द केला.

निकाल योग्य होता, असं मी मानतो. आणि तरीही त्यानंतर दीड महिन्यानं जे झालं ते विसरता येत नाही. साताऱ्याजवळ 'आई माझी काळूबाई' या मालिकेचं चित्रीकरण चालू असताना आशालता वाबगावकर यांना करोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबरला साताऱ्यातच त्या गेल्या. वय एकोणऐंशी. गोव्याची ही गुणी बाई, 'मत्स्यगंधा' नाटकातली सत्यवती, अभिषेकीबुवांच्या चालींवर गायलेली. चित्रपटांत आणि मालिकांत तिनं किती आया, किती सासवा, किती आज्या उभ्या केल्या, त्याची मोजदाद अवघड आहे. ती तिथे कामावर होती. वृद्ध कलाकाराला काम करण्याचा हक्क आहे, एवढं म्हणून आपण थांबू शकत नाही. त्या कामाच्या जागी त्याची काळजी घेतली जाणं, वेळेवर पैसे मिळणं, आजारपणाची सोय असणं, हे त्या हक्काचंच दुसरं अंग आहे. नायक-नायिका हे सगळं करारात लिहून घेऊ शकतात. एका दिवसासाठी बोलावलेल्या डॉक्टरला किंवा वकिलाला ते शक्य नसतं. म्हणून वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी ते आपणहून करायला हवं.

आणि एक गोष्ट तर अगदी फुकट करता येण्यासारखी आहे. नाव देणं. दूरदर्शनच्या काळात भाग संपला की पाट्या सावकाश वर सरकायच्या आणि घरातलं कोणीतरी त्या मोठ्यानं वाचायचं. शेजाऱ्याचं काम करणाऱ्याचंही नाव त्यात असायचं. आता पुष्कळ मालिकांत भाग संपतो आणि लगेच उद्याची झलक येते. नावं दाखवली तरी ती वाचायला डोळ्याला वेळ मिळत नाही. मोबाइलवर तर यंत्रच आपल्याला पाट्यांवरून पुढच्या भागात ढकलून देतं. एखाद्या मालिकेत दोन दिवस पोस्टमन झालेल्या माणसाचं नाव वीस वर्षांनी शोधायचं म्हटलं, तर सापडणार कुठे? पोतदारांचं नाव आज सांगता आलं, कारण त्यांना आयुष्य मोठं लाभलं आणि एक वाक्य फार गाजलं. ज्यांना हे दोन्ही मिळालं नाही, त्यांची संख्या खूप मोठी आहे.

श्रोतेहो, तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी रोज जी मालिका बघितली जाते, तिच्यातले आजोबा, मामा, शेजारीण, दुकानदार यांपैकी ज्याचं काम आवडलं, त्या नटाचं नाव शोधून काढा. पाट्यांत ते नसेल तर वाहिनीला पत्र लिहा, फोन करा, नाव विचारा. नायकाबद्दलची पत्रं त्यांना ढिगानं येतात. शेजाऱ्याबद्दलची येऊ लागली, तर पाट्या परत सावकाश सरकू लागतील.